लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर कॅन्सरचा धोका का वाढतो? आणि त्या भीतीने औषधं बंद करणं का महागात पडतं?

दरवर्षी ३ ऑगस्टला भारतीय अवयवदान दिन असतो. त्या आठवड्यात आपल्या मोबाईलवर एक ठरावीक फोटो फिरतो. तोंडावर मास्क, हातात पुष्पगुच्छ, शेजारी डॉक्टरांची टीम आणि मधोमध डिस्चार्ज मिळालेला पेशंट. खाली ओळ असते, 'नवं आयुष्य मिळालं'.

ती ओळ खोटी नाही. निकामी झालेल्या यकृताच्या रुग्णासाठी प्रत्यारोपण म्हणजे बहुतेक वेळा जगणं आणि मरणं यातला फरक असतो. पण हे नवं आयुष्य कसं जपायचं, याबद्दल त्या फोटोखाली काही लिहिलेलं नसतं. प्रत्यारोपणानंतरचं पहिलं वर्ष नीट पार पडलं की पुढच्या काळात रुग्णांचा जीव घेणाऱ्या प्रमुख कारणांमध्ये कॅन्सरचा समावेश होतो. हृदयविकार आणि जंतुसंसर्ग यांच्याबरोबरीने त्याचं नाव घेतलं जातं.

ही माहिती पहिल्यांदा ऐकली की घरचे हादरतात. 'एवढा खर्च केला, मुलीने स्वतःचं लिव्हर दिलं आणि आता कॅन्सर होणार?' मग कुणी गुपचूप गोळ्या कमी करतं, कुणी व्हॉट्सॲपवर आलेला काढा सुरू करतं. कुणी घाबरून तपासण्यांनाच जात नाही. या तिन्ही गोष्टी मूळ धोक्यापेक्षा जास्त नुकसान करू शकतात. म्हणून हा धोका नेमका काय आहे, हे समजून घेऊ.

धोका नेमका किती?

या विषयावरचा एक मोठा अभ्यास २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. १९८७ ते २००८ या काळातल्या १ लाख ७५ हजारांहून अधिक प्रत्यारोपणांची नोंद आणि कॅन्सर रुग्णांची नोंद एकमेकांशी ताडून पाहिली गेली. यात किडनी, यकृत, हृदय, फुप्फुस असे सगळे अवयव होते. यकृताचा वाटा साधारण एक पंचमांश होता.

निष्कर्ष असा होता की त्याच वयाच्या सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये कॅन्सरचं एकूण प्रमाण सुमारे दुप्पट होतं.

'दुप्पट' या शब्दाने दचकण्याआधी एक साधं गणित करू. समजा, एखाद्या वयोगटात हजार लोकांमागे वर्षाला पाच जणांना कॅन्सर होतो. दुप्पट म्हणजे दहा जणांना. याचा अर्थ उरलेल्या ९९० जणांना त्या वर्षी कॅन्सर होत नाही. म्हणजे प्रत्यारोपण झालं की कॅन्सर होणारच, असं मुळीच नाही. पण हा धोका वर्षागणिक साठत जातो. आज प्रत्यारोपण झालेला ४५ वर्षांचा माणूस पुढे वीस वर्षं जगू शकतो. त्यामुळे हा धोका विसरून चालणारा नाही.

याच अभ्यासातली दुसरी बाब जास्त बोलकी आहे. सगळे कॅन्सर सारख्या प्रमाणात वाढलेले नव्हते. नॉन-हॉजकिन लिम्फोमा हा रक्तपेशींशी संबंधित कॅन्सर सुमारे साडेसात पट दिसला, तर फुप्फुसाचा कॅन्सर जवळपास दुप्पट. स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण मात्र वाढलेलं दिसलं नाही. असं का झालं असेल? त्याचं उत्तर प्रतिकारशक्तीच्या कामात आहे.

यकृत नवं, मग कॅन्सर कशामुळे?

आपली प्रतिकारशक्ती दोन कामं करते. बाहेरून आलेल्या जंतूंना हुसकावणं हे पहिलं काम. दुसरं काम आपल्या लक्षातही येत नाही. शरीरातल्या पेशींवर ती सतत गस्त घालत असते. एखादी पेशी बिघडून बेसुमार वाढायला लागली, तर तिला ओळखून वेळीच संपवणं हा त्या गस्तीचा भाग आहे.

नवं यकृत शरीरात आलं की हीच प्रतिकारशक्ती त्याला परकं समजून त्याच्यावर तुटून पडते. यालाच 'रिजेक्शन' म्हणतात. ते टाळण्यासाठी टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट यांसारखी औषधं द्यावी लागतात. ती प्रतिकारशक्तीला दाबून ठेवतात. पण 'यकृताला हात लावू नकोस, बाकी गस्त चालू ठेव' असं प्रतिकारशक्तीला सांगता येत नाही. पहारेकऱ्याला गुंगी दिली की तो घरातल्या पाहुण्यावर भुंकत नाही, पण चोरावरही भुंकत नाही.

या ढिल्या गस्तीचा सगळ्यात जास्त फायदा विषाणूंना होतो. एप्स्टीन-बार नावाचा विषाणू जगातल्या बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात निपचित पडलेला असतो. प्रतिकारशक्ती दबली की तो डोकं वर काढतो आणि त्यातून लिम्फोमा होऊ शकतो. एचपीव्ही या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा आणि घशाचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून विषाणूंशी नातं असलेले कॅन्सर जास्त वाढतात आणि स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये तशी वाढ दिसत नाही.

ही गोष्ट नवी नाही. अमेरिकी सर्जन थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली डेन्व्हरमध्ये माणसावरचं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. त्यांचेच सहकारी इस्रायल पेन यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांमधल्या कॅन्सरची नोंद ठेवायला सुरुवात केली. तेव्हा ते बहुतांशी किडनीचे रुग्ण होते. पुढे १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन आणि १९९०च्या दशकात टॅक्रोलिमस आलं. रुग्ण वर्षानुवर्षं जगू लागले आणि हा प्रश्नही मोठा झाला. म्हणजे प्रत्यारोपण यशस्वी होऊ लागल्यामुळेच हा धोका दिसायला लागला.

हे कॅन्सर कोणकोणते?

यांचे तीन गट करता येतात.

पहिला गट : जुनाच कॅन्सर परत येणं. बऱ्याच जणांना यकृतातच कॅन्सर असल्यामुळे प्रत्यारोपण करावं लागतं. अशा वेळी गाठ किती मोठी आहे आणि किती गाठी आहेत, हे आधी पाहतात. इटलीतल्या मिलान शहरातल्या डॉक्टरांनी १९९६ साली याचा एक निकष मांडला. एकच गाठ असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी आणि प्रत्येक ३ सेंटीमीटरपर्यंत. या मर्यादेत असलेल्या रुग्णांमध्ये चांगले निकाल मिळाले आणि 'मिलान निकष' जगभर वापरले जाऊ लागले. तरीही काही रुग्णांमध्ये कॅन्सर परततो. तो बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसतो. म्हणून या काळात स्कॅन आणि 'एएफपी' ही रक्ततपासणी ठरलेल्या अंतराने करायला सांगतात.

दुसरा गट : नव्याने होणारे कॅन्सर. यात लिम्फोमा, तोंड-घसा-अन्ननलिकेचे कॅन्सर, फुप्फुसाचा, आतड्याचा आणि त्वचेचा कॅन्सर येतो. प्रत्येक रुग्णाचा धोका वेगळा असतो. दारूमुळे यकृत खराब झालेल्यांमध्ये तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुस यांचे कॅन्सर जास्त दिसतात, कारण दारूबरोबर अनेकदा तंबाखूही असते. पित्तनलिकांचा 'पीएससी' हा आजार आणि सोबत अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल, तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका जास्त. अशा रुग्णांना दरवर्षी कोलोनोस्कोपी सांगितली जाते.

तिसरा गट : दात्याकडून आलेला कॅन्सर. हा अत्यंत दुर्मीळ आहे. युरोपात २००७ साली मृत्यू पावलेल्या एका महिलेचे अवयव वेगवेगळ्या रुग्णांना दिले गेले. तिला स्तनाचा कॅन्सर असल्याचं तपासणीत दिसलं नव्हतं. पुढच्या काही वर्षांत त्यातल्या चौघांना तोच कॅन्सर झाला आणि तिघांचा मृत्यू झाला. चौथा रुग्ण वाचला, कारण मिळालेली किडनी काढून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबवण्यात आली. किडनी काढली तरी डायलिसिसवर राहता येतं, यकृताच्या रुग्णाला तो मार्ग नसतो. ही बातमी २०१८ मध्ये जगभर गाजली. पण ती गाजली ती अशी घटना क्वचितच घडते म्हणून. अभ्यासकांच्या अंदाजानुसार असं होण्याचं प्रमाण दहा हजारांत एक ते पाच इतकंच आहे. त्यासाठी अवयव नाकारणं म्हणजे पुरात सापडलेल्याने होडीत पाणी शिरेल म्हणून होडीत न बसण्यासारखं आहे.

यकृत देणाऱ्या नातेवाइकाचं काय?

भारतात बहुतांश यकृत प्रत्यारोपणं जिवंत दात्याकडून होतात. बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, आई यकृताचा तुकडा देतात. त्यांना पडणारा पहिला प्रश्न असतो, 'मलाही हा धोका आहे का?'

याचं उत्तर नाही. वर सांगितलेला वाढीव धोका प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे येतो आणि दात्याला ती औषधं घ्यावीच लागत नाहीत. दात्याच्या शस्त्रक्रियेचे वेगळे धोके असतात आणि त्याची माहिती त्याला आधी मिळायलाच हवी. पण त्यात हा धोका येत नाही.

आपल्याकडे वेगळं काय आहे?

वरचे बरेच आकडे अमेरिकेतले आहेत. आपल्याकडे चित्र काही बाबतीत वेगळं आहे.

गोऱ्या लोकांमध्ये प्रत्यारोपणानंतर त्वचेचा कॅन्सर खूप दिसतो. आपल्या सावळ्या त्वचेला त्यापासून बरंच संरक्षण मिळतं. पण तिकडे न दिसणारा एक धोका आपल्या घराघरांत आहे, तो म्हणजे तंबाखूचा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात. म्हणजे मळलेली तंबाखू, गुटखा, मावा, मिश्री. 'मी सिगारेट ओढत नाही हो डॉक्टर' असं सांगणाऱ्या काकूंच्या हातात सकाळ-संध्याकाळ मिश्रीची डबी असते आणि ती त्यांना व्यसन वाटतच नाही. प्रतिकारशक्तीची गस्त ढिली झालेली असताना तोंडाला रोज तंबाखू लावणं, हा दुहेरी धोका आहे.

दुसरा मुद्दा टीबीचा. ताप येतोय, वजन घटतंय, रात्री घाम येतो, गळ्यात गाठ आली आहे, ही टीबीची लक्षणं आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. पण लिम्फोमाची लक्षणंही हीच आहेत. शिवाय प्रत्यारोपणाच्या रुग्णाला टीबीही सहज होऊ शकतो. त्यामुळे गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय नुसत्या अंदाजाने टीबीचा कोर्स सुरू करणं धोक्याचं ठरतं. लिम्फोमा असेल तर वेळ वाया जातो. आणि टीबीवरचं रिफॅम्पिसिन हे औषध रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी एकदम खाली आणतं, त्यामुळे रिजेक्शन होऊ शकतं. म्हणून टीबी निघाला तरी उपचार प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे लागतात.

तिसरा मुद्दा वयाचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने मृत दात्याचा अवयव मिळण्यासाठीच्या नोंदणीतली ६५ वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली. निर्णय योग्यच होता, कारण वयस्कर माणसालाही जगण्याचा हक्क आहे. पण वय वाढतं तसा कॅन्सरचा धोका मुळातच वाढतो. त्यामुळे प्रत्यारोपणानंतरच्या तपासण्यांचं महत्त्वही यापुढे वाढणार आहे.

मग औषधं बंद केली तर?

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा : प्रतिकारशक्तीची औषधं स्वतःच्या मनाने कमी किंवा बंद करू नका.

कॅन्सर होण्याची शक्यता काही टक्क्यांची आणि काही वर्षांनंतरची असते. औषधं अचानक थांबवल्यावर होणारं रिजेक्शन मात्र काही दिवसांत किंवा आठवड्यांत यकृताला इजा करू शकतं. सुरुवातीला त्याची लक्षणं जाणवतही नाहीत. डोळे पिवळे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

'कमीत कमी औषध' हे मात्र डॉक्टरांचंही ध्येय असतं. यकृत हा अवयव या बाबतीत थोडा समजूतदार आहे. किडनी किंवा हृदयाच्या तुलनेत त्याला कमी औषधांवर सांभाळता येतं. त्यामुळे पहिल्या वर्षानंतर डोस हळूहळू खाली आणला जातो. काही निवडक रुग्णांमध्ये कडक देखरेखीखाली औषधं पूर्ण थांबवता आल्याचीही उदाहरणं आहेत. पण ते संशोधनाचा भाग म्हणून, सततच्या रक्ततपासण्यांसह झालेलं आहे. ज्यांना जमलं नाही त्यांची औषधं लगेच पुन्हा सुरू करता आली. घरच्या घरी हा प्रयोग करायचा नसतो.

काही रुग्णांना सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस या गटातली औषधं दिली जातात. ती गाठींच्या वाढीलाही काही प्रमाणात आळा घालतात, म्हणून त्यांच्याकडून मोठी आशा होती. यकृताच्या कॅन्सरसाठी प्रत्यारोपण झालेल्या पाचशेहून अधिक रुग्णांवर सिरोलिमसची चाचणी झाली. तिचे निकाल २०१६ मध्ये आले. सुरुवातीच्या तीन ते पाच वर्षांत फायदा दिसला, पण त्यापुढे तो टिकला नाही. म्हणजे ही औषधं उपयोगी असली तरी जादूची कांडी नाहीत. ती कुणाला द्यायची, हे प्रत्येक रुग्ण पाहून ठरवावं लागतं.

'इम्युनिटी बूस्टर' घेतला तर?

सोशल मीडियावर कॅन्सर टाळण्यासाठीचा सगळ्यात लोकप्रिय सल्ला म्हणजे 'इम्युनिटी वाढवा'. प्रत्यारोपण झालेल्या माणसासाठी हाच सल्ला उलटा पडू शकतो. ज्या प्रतिकारशक्तीला औषधाने मुद्दाम दाबून ठेवलं आहे, तिलाच चेतवणारं काही घेतलं तर ती आधी नव्या यकृतावर हल्ला करेल.

शिवाय काही पदार्थ आणि वनस्पती औषधांच्या पातळीत गडबड करतात. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जातीचं पपनस यांमुळे टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढू शकते. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवला तरी प्रत्यारोपणाच्या रुग्णाने असा धोका पत्करण्याचं कारण नाही. काढा, चूर्ण, पावडर, 'नॅचरल' गोळी, काहीही घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

रुग्णाने काय करावं?

यातल्या बहुतेक गोष्टी साध्या आणि स्वस्त आहेत.

• तंबाखू आणि दारू पूर्ण बंद. कमी करून चालणार नाही. मिश्रीही तंबाखूच आहे.

• महिन्यातून एकदा आरशासमोर तोंड उघडून पाहा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, गिळताना अडकणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. दंतवैद्यही हे ओळखू शकतात.

• विनाकारण ताप, घटणारं वजन, गाठ, सततचा खोकला, शौचातून रक्त यातलं काही झालं तर दुकानातून गोळी आणण्याऐवजी प्रत्यारोपणाच्या ओपीडीत कळवा.

• वयानुसार नेहमीच्या तपासण्या चुकवू नका. बायकांसाठी स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी, ठरावीक वयानंतर आतड्याची तपासणी. प्रत्यारोपण झालं म्हणून त्या टळत नाहीत.

• लसींबद्दल आधीच विचारा. हिपॅटायटिस बी आणि एचपीव्हीच्या लसींमध्ये जिवंत विषाणू नसतो. शक्यतो त्या प्रत्यारोपणाआधी घेतल्या तर शरीर चांगला प्रतिसाद देतं. जिवंत विषाणू असलेल्या लसी प्रत्यारोपणानंतर सहसा टाळल्या जातात.

• उन्हात काम असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी वापरा. त्वचेवर नवा किंवा बदलणारा डाग दिसला तर दाखवा.

• वजन आणि साखर ताब्यात ठेवा. फॅटी लिव्हरमुळे प्रत्यारोपण झालं असेल, तर नव्या यकृतावरही चरबी साठू शकते.

आणि कॅन्सर निघालाच तर?

तरीही दार बंद होत नाही. प्रत्यारोपणानंतर होणाऱ्या काही लिम्फोमांमध्ये प्रतिकारशक्तीची औषधं कमी केल्यावरच गाठी आक्रसतात, कारण जागी झालेली प्रतिकारशक्ती पुन्हा कामाला लागते. इतर कॅन्सरमध्ये शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमोथेरपी देता येते.

खरी अडचण येते ती इम्युनोथेरपीची. आज अनेक कॅन्सरमध्ये गाजत असलेली ही औषधं प्रतिकारशक्तीला मोकळं सोडतात. प्रत्यारोपणाच्या रुग्णात ही मोकळी सुटलेली प्रतिकारशक्ती यकृतावरच धावून जाऊ शकते. आतापर्यंत नोंदवलेल्या रुग्णांमध्ये साधारण तिघांपैकी एकाला रिजेक्शन झालेलं आहे. म्हणजे उशिरा सापडलेल्या कॅन्सरसाठी इतरांकडे असलेला एक मोठा पर्याय या रुग्णांसाठी निसरडा होतो. म्हणूनच त्यांच्या बाबतीत कॅन्सर लवकर सापडण्याला दुप्पट मोल आहे.

मोजायचं काय?

भारतात आता वर्षाला चार हजारांहून अधिक यकृत प्रत्यारोपणं होतात. १९९८ मध्ये दिल्लीत पहिली यशस्वी प्रत्यारोपणं झाली, तिथपासूनचा हा प्रवास अभिमानाचा आहे. पण आपण बातम्यांमध्ये मोजतो ती शस्त्रक्रियांची संख्या. पाच, दहा, पंधरा वर्षांनी ती माणसं कशी आहेत, हा आकडा मथळ्यात येत नाही.

मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया करून माणूस जेव्हा नांदेड, सिंधुदुर्ग किंवा गडचिरोलीला परततो, तेव्हा त्याचा फॉलोअप एसटीच्या तिकिटावर, एका दिवसाच्या बुडालेल्या मजुरीवर आणि गावातल्या डॉक्टरांना त्याच्या गोळ्यांची किती माहिती आहे यावर अवलंबून राहतो. जमीन गहाण ठेवून ऑपरेशन केलेल्या घराला दरवर्षीच्या तपासण्यांचा खर्च 'नंतर बघू' या खात्यात टाकावा लागतो. कॅन्सरला लागतो तेवढा वेळ नेमका याच 'नंतर'मध्ये मिळतो. जिल्हा रुग्णालयात तोंडाची, गर्भाशयमुखाची तपासणी आणि रक्तातल्या औषधाची पातळी मोजण्याची सोय झाली, तर यातला मोठा भाग गावाजवळच भागू शकतो.

तुमच्या ओळखीत कुणाचं लिव्हर ट्रान्सप्लांट झालं असेल, तर त्यांना हा लेख पाठवून घाबरवू नका. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. 'गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?' आणि 'मागची तपासणी कधी झाली?' दुसऱ्या प्रश्नावर ते आठवायला लागले, तर त्यांच्यासोबत पुढची अपॉइंटमेंट तुम्हीच घ्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधं आणि तपासण्यांचा निर्णय आपल्या प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.)